छापा, काटा आणि मोजणी

आजच्या दिल्लीच्या भूमीवर पांडवांचे इंद्रप्रस्थ वसले होते, असे परंपरा मानते. ते वैभव युधिष्ठिराने फाशांच्या खेळात घालवले, ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्यापुढचा एक प्रसंग मात्र फारसा कोणाच्या स्मरणात नसतो. राज्य गमावून वनात आलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी नलराजाची कथा सांगतात. नलानेही द्यूतातच सर्वस्व घालवलेले असते, आणि बाहुक हे नाव धारण करून तो अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झालेला असतो. रथ वेगाने चालला असता ऋतुपर्णाची दृष्टी वाटेवरच्या एका बेहड्याच्या वृक्षाकडे जाते, आणि त्याच्या फांद्यांवर पाने किती व फळे किती हे तो बसल्या जागी सांगून टाकतो. नलाचा त्यावर विश्वास बसत नाही. राजाला घाई असतानाही तो रथ थांबवतो, वृक्ष पाडतो आणि फळे मोजतो. संख्या बरोबर निघते. त्यानंतरच तो राजाजवळ ती विद्या मागतो, आणि तिच्याबरोबर त्याला फाशांचे रहस्यही प्राप्त होते.

आधी मोजणी आणि मग विद्या, हा नलाचा क्रम होता. शाळेत संभाव्यता शिकवताना नेमका हाच क्रम उलटा होतो. विद्यार्थ्याच्या हाती प्रथम सूत्र पडते, आणि मोजण्याची वेळ बहुधा येतच नाही.

या प्रश्नाचा विचार दिल्लीतच फार गंभीरपणे झालेला आहे. १९६१ साली स्थापन झालेली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद याच नगरीत आहे, आणि तिची पाठ्यपुस्तके देशभरच्या असंख्य शाळांतून वापरली जातात. या परिषदेने २००६ साली नववीचे गणिताचे जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातील पंधरावे आणि शेवटचे प्रकरण संभाव्यतेवर होते. त्या प्रकरणाची मांडणी लक्षात घेण्याजोगी होती. त्यात आरंभी सिद्धान्त नव्हता, कृती होत्या. नाणे घ्या, दहा वेळा उडवा, छापा किती वेळा पडला ते लिहा. मग गटागटाने हीच कृती करून सर्वांच्या नोंदी एकत्र करा आणि छाप्याचे प्रमाण कसे बदलत जाते ते पाहा, असे विद्यार्थ्यांना सांगितले होते. तर्काने काढलेली, म्हणजे सैद्धान्तिक संभाव्यता, ही पुढील वर्षी दहावीत यायची होती. पुढे महामारीनंतर विद्यार्थ्यांवरील अभ्यासाचा भार हलका करण्याच्या हेतूने २०२२ साली जी काटछाट झाली, तीत नववीचे हे प्रकरण संपूर्ण गाळण्यात आले. दहावीचे प्रकरण राहिले. पायरी काढली गेली आणि वरचा मजला तसाच उभा राहिला.

पाठ्यपुस्तके बदलत असतात, गाळलेले धडे कालांतराने निराळ्या रूपाने परतही येतात. त्यामुळे एखाद्या वर्षीच्या निर्णयाबद्दल वाद घालण्यात फारसे हशील नाही. परंतु ज्या मुलाने नाणे कधी शंभर वेळा उडवलेच नाही, त्याला नाण्याची संभाव्यता एक-द्वितीयांश आहे या वाक्याचा अर्थ कळला असे म्हणता येईल काय, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीच्या शिक्षकांपुढे उभा राहतो.

दोन्ही प्रकारच्या संभाव्यतेचे स्वरूप प्रथम पाहू. सैद्धान्तिक संभाव्यतेत अनुकूल शक्यतांच्या संख्येला सर्व शक्यतांच्या संख्येने भागतात. फाशाला सहा पृष्ठे, त्यांपैकी पाच ठिपक्यांचे एक, म्हणून पाच पडण्याची संभाव्यता एक-षष्ठांश. या रीतीत एक अट दडलेली असते, ती अशी की सर्व शक्यता समान असल्या पाहिजेत. प्रायोगिक संभाव्यतेत ही अट नाही. प्रयोग एकंदर किती वेळा केला आणि त्यांपैकी किती वेळा ती घटना घडली, एवढे मोजायचे आणि भागाकार करायचा. पहिली रीत खोलीत बसून चालते, दुसरीला हात हलवावे लागतात. पहिली सांगते की काय घडावे, आणि दुसरी सांगते की काय घडले.

आता चाळीस विद्यार्थ्यांचा एक वर्ग कल्पनेत आणावा. प्रत्येकाने एक रुपयाचे नाणे दहा वेळा उडवायचे आहे. सिंहमुद्रेची बाजू पडली तर छापा, आकड्याची पडली तर काटा. आरंभ करण्यापूर्वी शिक्षकांनी विचारावे की दहांपैकी किती छापे येतील. पाच, असे उत्तर एकमुखाने येईल. मग नाणी खणखणू लागतात, आणि थोड्याच वेळात वर्गात कुजबुज सुरू होते. कोणाला सात छापे मिळालेले असतात, कोणाला तीन, एखाद्याला तर आठ किंवा नऊ. गणित सांगते की दहांपैकी बरोबर पाच छापे येण्याची संभाव्यता शेकडा २५ हूनही किंचित कमी आहे. म्हणजे चाळीस मुलांपैकी सुमारे दहांनाच ते अपेक्षित पाच मिळतील. आणि तीन किंवा त्याहून कमी, अथवा सात किंवा त्याहून अधिक छापे मिळालेली मुले जवळजवळ चौदा असतील. आपले नाणे खोटे आहे की आपलेच काही चुकले, असे या चौदा जणांना वाटू लागते. शिकवण्यास अनुकूल असा क्षण तो हाच. मूल गोंधळलेले आहे आणि त्याला उत्तर हवे आहे.

ते उत्तर फळ्यावर तयार होते. शिक्षकांनी एकेका मुलाचा आकडा क्रमाने मांडावा, प्रत्येक वेळी आतापर्यंतची एकूण बेरीज घ्यावी आणि छाप्यांचे प्रमाण काढावे. दहा फेकींनंतर ते ०.७ असेल, वीसनंतर कदाचित ०.५५, तीसनंतर पुन्हा खाली. चारशे फेकी पुऱ्या होईपर्यंत त्या आकड्यांची उडी लहान लहान होत जाते. आलेखकागदावर ही रेषा काढली तर आरंभी डोंगरदऱ्यांसारखी दिसणारी ती पुढे जवळजवळ सपाट होते. एकेका मुलाच्या नोंदीत जे दिसत नव्हते, ते चाळीस जणांच्या नोंदींत दिसू लागते. याकोब बर्नुली या स्विस गणितज्ञाने हाच नियम सिद्ध केला, आणि त्याच्या मृत्यूनंतर १७१३ साली तो प्रसिद्ध झाला. ते काम त्याने सुमारे वीस वर्षे मनात घोळवले होते. वर्गाला त्याचे दर्शन एका तासात घडते.

तथापि या नियमाचा एक विपरीत अर्थ लोकांच्या मनात खोल रुजलेला आहे, आणि तो प्रयोगानेच दूर होऊ शकतो. लागोपाठ पाच वेळा काटा पडला, तेव्हा आता छाप्याचीच पाळी, असे मानणारे पुष्कळ असतात. नाणे जणू आपला जमाखर्च लिहून ठेवते आणि तूट भरून काढते, अशी ही समजूत आहे. सोडतीची तिकिटे वर्षानुवर्षे घेत राहणारा मनुष्य आणि हरत असताना डाव दुप्पट करणारा जुगारी, दोघेही याच समजुतीचे बळी असतात.

जॉन केरिच या दक्षिण आफ्रिकेतील गणिताच्या अध्यापकाचा प्रयोग येथे उपयोगी पडतो. १९४० साली जर्मनीने डेन्मार्कवर आक्रमण केले, तेव्हा तो नातलगांकडे कोपनहेगनला आलेला होता. त्याला जटलंडमधील एका छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. हातात वेळच वेळ होता. त्याने एक नाणे दहा हजार वेळा उडवले आणि प्रत्येक फेक नोंदवली. पुढे १९४६ साली त्याने ते सारे एका लहानशा पुस्तकात प्रसिद्ध केले. पहिल्या १०० फेकींत त्याला ४४ छापे मिळाले, म्हणजे निम्म्यापेक्षा सहा कमी. दहा हजार फेकी झाल्या तेव्हा छापे होते ५,०६७, म्हणजे निम्म्यापेक्षा ६७ अधिक. तूट भरून आली म्हणावे, तर फरक सहावरून सदुसष्टावर गेलेला! पण हजारांच्या राशीत तो विरून गेला. शंभरांत सहा म्हणजे शेकडा ६, आणि दहा हजारांत सदुसष्ट म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. नाण्याला मागचे काही आठवत नाही. जुना फरक कोणी फेडत नाही, तो फक्त वाढत्या संख्येपुढे क्षुद्र ठरतो. हे वाक्य पाठ करून घेण्यापेक्षा विद्यार्थ्यांनी या दोन ओळींचा भागाकार स्वतः करावा.

या पाठाला आणखी एक बाजू आहे, ती सचोटीची. प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर लिहिले की गुण मिळतात, हे मुलांना फार लवकर कळते. मग नाणे न उडवताच कागद भरले जातात, आणि चाळीस वह्यांत चाळीस वेळा छाप्यांचा आकडा पाच दिसतो. अशा वह्या पाहून समाधान मानणारा शिक्षक नकळत खोटेपणाचेच धडे देत असतो. यावर एक सुंदर उपाय आहे. वर्गाचे दोन भाग करावेत; अर्ध्या मुलांनी नाणे खरोखर शंभर वेळा उडवून क्रम लिहावा, आणि अर्ध्यांनी मनानेच शंभर फेकी रचून लिहाव्यात. कोणी काय केले हे शिक्षकांना सांगू नये. शिक्षक कागद चाळतात आणि बहुतेक कागदांचा निवाडा बिनचूक करतात. मुलांना ती जादू वाटते. पण तिचे मर्म साधे आहे. शंभर खऱ्या फेकींत कोठे ना कोठे सलग पाच किंवा अधिक वेळा एकच बाजू पडण्याची संभाव्यता शेकडा ९७ च्या घरात असते. मनाने रचणारा मात्र तीन-चार छापे ओळीने लिहिले की बिचकतो आणि काटा लिहून टाकतो. यदृच्छा माणसाला वाटते तितकी नीटनेटकी नसते. खोटी नोंद स्वतःविरुद्ध साक्ष देते, हे एकदा पाहिलेला विद्यार्थी पुढे कोणत्याही प्रयोगशाळेत गेला तरी आकडे बनवताना दहा वेळा विचार करील.

नाण्याचे उत्तर एक-द्वितीयांश हे आधीच ठाऊक असताना एवढा खटाटोप कशासाठी, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. म्हणून नाण्यावरच थांबू नये. मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या खेळल्या गेलेल्या पचिशीत दान कवड्यांनी पडते. कवडी उताणी पडते किंवा पालथी पडते. शक्यता दोनच, पण त्या समान आहेत असे कोण म्हणेल? कवडीची पाठ फुगीर, पोट चपटे, आणि एक कवडी दुसरीसारखी नसते. खेड्यांतील मुले चिंचोके घासून त्यांची एक बाजू पांढरी करतात आणि त्यांचेच फासे करतात. त्यांचीही तीच गोष्ट. येथे सूत्र मुके होते. कवडीची संभाव्यता किती, याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही. ते कवडी दोनशे वेळा टाकून मोजणाऱ्या मुलाच्या वहीतच सापडेल. दुसऱ्या मुलाच्या कवडीचे उत्तर वेगळे येईल, आणि दोघांचीही उत्तरे बरोबर असतील. गणिताच्या तासाला हा अनुभव दुर्मिळ आहे.

शिवाय समान म्हणून गृहीत धरलेल्या शक्यता खरोखर समान असतात की नाहीत, तेही मोजल्यावाचून समजत नाही. वेल्डन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९४ साली बारा फासे २६,३०६ वेळा टाकल्याच्या नोंदी केल्या. पाच किंवा सहा पडण्याचे प्रमाण ०.३३३३ यावयास हवे होते, ते ०.३३७७ आले. अंतर दिसायला अल्प आहे. पण तीन लाखांहून अधिक फाशांच्या राशीत ते योगायोगाचे मानता येत नाही. अधिक ठिपक्यांसाठी अधिक कोरलेले पृष्ठ किंचित हलके होऊन वर येत असावे, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. साध्या नाण्याचीही कसोटी अगदी अलीकडे लागली. उडवताना जी बाजू वर असेल तीच पुन्हा वर पडण्याकडे किंचित कल असला पाहिजे, असे पर्सी डायाकोनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली गणिताने दाखवले होते. २०२३ साली युरोपातील संशोधकांच्या एका गटाने ३,५०,७५७ वेळा नाणी उडवून ते पडताळले, आणि शेकडा ५०.८ वेळा आरंभीचीच बाजू वर आली. ज्या एक-द्वितीयांशावर सारे संभाव्यतेचे शिक्षण उभे आहे, तोदेखील एक उत्तम अंदाजच ठरला.

यावरून तर्काला कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. तर्क आणि प्रयोग यांनी एकमेकांना सांभाळायचे असते. दोन नाणी एकत्र उडवली तर निदान एक छापा येण्याची संभाव्यता किती? दालांबेर हा अठराव्या शतकातील थोर फ्रेंच गणितज्ञ. त्याने १७५४ साली छापलेल्या लेखात दोन-तृतीयांश असे उत्तर दिले. पहिल्याच नाण्याला छापा, किंवा काट्यानंतर छापा, किंवा दोन्ही काटे, असे तीन प्रकार त्याने धरले आणि ते समान मानले. खरे उत्तर तीन-चतुर्थांश आहे. हा वाद वर्गात सहज मिटतो. चाळीस मुलांनी दोन नाण्यांची जोडी पंचवीस पंचवीस वेळा उडवली की हजार नोंदी होतात. दालांबेर बरोबर असेल तर त्यांत सुमारे ६६७ वेळा छापा दिसेल, अन्यथा सुमारे ७५०. आकडा ७५० च्या आसपास येतो, आणि मग तो तसा का यावा हे शोधण्यासाठी मुले स्वतःहून तर्काकडे वळतात. प्रयोग कोण चुकले ते दाखवतो, का चुकले ते तर्क सांगतो.

हे सारे नाण्यांच्या आणि कवड्यांच्या खेळापुरते असते, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. देशाच्या अन्नाचा हिशेबही याच विचारावर उभारला गेला, आणि ते काम दिल्लीतच एका मराठी माणसाने केले. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे लंडनमध्ये संख्याशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन आले, आणि १९४० पासून अकरा वर्षे दिल्लीत कृषी संशोधन परिषदेच्या संख्याशास्त्र विभागाची धुरा त्यांनी वाहिली. तोवर पिकाचा अंदाज आणेवारीने, म्हणजे उभ्या पिकाकडे पाहून, गावकामगार करीत. सुखात्मे यांच्या रीतीत गाव, त्यातील शेत आणि शेतातील ठरावीक मापाचा तुकडा ही तिन्ही यादृच्छिक संख्यांच्या आधारे निवडायची, तेवढेच पीक कापायचे, मळायचे आणि वजन करायचे. कोणते शेत निवडावे हे माणसाच्या मनावर ठेवायचे नाही, कारण मन चांगल्या शेताकडे ओढ घेते. तुकडा फार लहान घेतला तर कडेची ताटे आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगते, हेही त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या विभागातून वाढलेली भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था आज दिल्लीच्या पुसा परिसरात आहे. ऋतुपर्णाने नजरेने सांगितलेली संख्या नलाने मोजून पाहिली, तेच येथे शेताशेतांतून घडले. फरक एवढाच की येथे सारा वृक्ष पाडावा लागत नाही. नीट निवडलेल्या थोड्या फांद्या पुरतात.

हवामानाच्या अंदाजाचेही असेच आहे. पावसाची शक्यता शेकडा ७० सांगितली आणि पाऊस पडला नाही, की अंदाज फसला असे म्हणून लोक मोकळे होतात. एका दिवसावरून त्या अंदाजाची परीक्षा होऊच शकत नाही. ज्या ज्या दिवशी शेकडा ७० असे सांगितले गेले ते सर्व दिवस एकत्र करावेत. त्यांपैकी शंभरांत सत्तरांच्या सुमारास पाऊस पडला असेल तर अंदाज उत्तम. जुलै आणि ऑगस्ट हे दोन महिने दिल्लीच्या कोणत्याही शाळेतील मुलांनी रोजचा अंदाज आणि रोजचा पाऊस दोन रकान्यांत लिहून ठेवला, तर वर्गात बसल्या बसल्या त्यांना हा हिशेब करता येईल. त्या प्रयोगाला एका वहीपलीकडे खर्च नाही.

औषधाचा गुण किती जणांना आला, निवडणुकीचा कौल किती लोकांना विचारून काढला, विम्याचा हप्ता कशाच्या आधारे ठरला, असे प्रश्न शाळा सुटल्यावर प्रत्येकाला जन्मभर भेटतात. सूत्र विसरले जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु किती वेळा पाहिले आणि त्यांपैकी किती वेळा घडले, हे विचारण्याची सवय एकदा हाडीमाशी खिळली तर ती सुटत नाही. थोड्या अनुभवावरून मोठा निष्कर्ष काढणाऱ्यापुढे ती माणसाला सावध ठेवते, आणि दहांपैकी तीनच छापे पडले म्हणून धीर सोडू देत नाही. ती सवय लावण्यासाठी शाळेला लागते एक नाणे, मूठभर कवड्या, एक तास आणि जे पडेल तेच लिहिण्याचा आग्रह.

नलाची कथा संपवून बृहदश्वांनी युधिष्ठिरालाही ते अक्षहृदय दिले, असे महाभारत सांगते. राज्य गेल्यानंतर मिळालेली ती विद्या होती. आजच्या विद्यार्थ्याला ती डाव मांडण्यापूर्वी मिळू शकते.